फरशीखालची फरशी

या महिन्याच्या टपालात निम्मी पत्रं विनाइल फ्लोअरिंगची, म्हणजे जमिनीवर घालायच्या प्लास्टिकच्या पातळ आच्छादनाची आहेत. दुकानातला नमुना सगळ्यांना आवडलाय, रंगही ठरलाय. खालच्या जमिनीचं काय, हे मात्र दोघातिघांनीच विचारलंय. त्यांना आधी उत्तरं देते.

प्रश्न : ताई, आमची इमारत १९८७ सालची, घर तिसऱ्या मजल्यावर. आईच्या १० बाय १२ च्या खोलीत मोझॅइकच्या लाद्या आहेत. आई ७८ वर्षांची, थंडीत लादीवर पाय टेकवायला नको म्हणते. विनाइलवाला म्हणतो, "लादीवर सरळ चिकटवू. दरजा वॉलपुट्टीने भरून घेतो. सकाळी सुरू केलं की संध्याकाळी खोली मोकळी." करू द्यावं का? (एक वाचक, डोंबिवली पूर्व)

उत्तर : विनाइल करा, पण त्याच्या पद्धतीने नको. आणि संध्याकाळी खोली मोकळी, हे तर विसराच.

चिकटवायचं विनाइल दोन-अडीच मिलिमीटर जाड असतं. ते लाकडासारखं दिसतं म्हणून आपण त्याच्याकडून लाकडाची अपेक्षा धरतो. प्रत्यक्षात ते ओल्या धोतरासारखं खालच्या प्रत्येक उंचवट्याला बिलगतं. घातल्या दिवशी सपाट दिसेल. सहा महिन्यांनी संध्याकाळचं तिरपं ऊन खिडकीतून आत आलं की तुमच्या १९८७ च्या लाद्यांचे चौकोन त्या 'सागवाना'वर उमटलेले दिसतील. त्यात पुट्टीने भरलेल्या दरजा असल्या तर आणखी वाईट. वॉलपुट्टी भिंतीसाठी असते, तिच्यावर कोणी चालत नाही. जमिनीवर, आईच्या पलंगाच्या पायाखाली, तिचा भुगा होतो आणि तो भुगा विनाइलखाली वाळूसारखा करकरत राहतो. पीओपीचीही तीच गत, शिवाय ते ओल धरतं.

तेव्हा क्रमाने घ्या. खोली पूर्ण रिकामी करा. 'कपाट एका बाजूला सरकवून' केलेलं काम मी आजवर एकदाही धड झालेलं पाहिलेलं नाही. मग एक जाडसर नाणं घेऊन प्रत्येक लादीवर ठोकत जा, चारही कोपरे आणि मधोमध. भरीव लादी 'टक' म्हणते, पोकळ लादी 'टप' म्हणते. आईंना खुर्चीवर बसवून हे काम त्यांच्याकडून ऐकून घ्या. आयुष्यभर नारळ वाजवून घेतलेल्या बायकांचा कान गवंड्यापेक्षा तयार असतो. पोकळ निघेल त्या लादीवर खडूने फुली मारा. खडूच घ्या, मार्कर पेन नको. त्याची शाई खालून झिरपत वर येते आणि विनाइलवर कायमचा जांभळा डाग पाडते. फुलीच्या लाद्या उचलून सिमेंटमध्ये परत बसवाव्या लागतील आणि तो माल नीट वाळू द्यावा लागेल. एखादी हलती लादी तशीच राहिली तर तिच्यावरचा डिंक पहिल्या पावसाळ्यातच सुटतो.

मग सपाटी बघायची. सुताराकडून दोन मीटरची, म्हणजे साडेसहा फुटांची, सरळ अॅल्युमिनियमची पट्टी मागून आणा. ती जमिनीवर उभी, आडवी, तिरकी फिरवा. पट्टीखाली जिथे उजेड दिसेल तिथे एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवून सरकवून पाहा. ती दोन नाणी मिळून जेमतेम ३ मिलिमीटर भरतात, आपल्या सुतारांच्या भाषेत एक सूत. नाणी अडली तर ठीक. आरामात आत गेली तर तिथे खळगा आहे, तो भरायला हवा. यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. जुन्या घरांत लादीला दाराकडे किंवा गॅलरीकडे मुद्दाम ढाळ दिलेला असायचा, बादल्या ओतून खोली धुता यावी म्हणून. तो ढाळ काढायच्या भानगडीत पडू नका. विनाइलला ढाळ चालतो, खळगा चालत नाही.

आता खरी अडचण. तुमच्या लादीवर १९८७ पासूनचं काय काय बसलंय? कारखान्यातलं पॉलिश, नंतरचं मेण, आणि डोंबिवली म्हणताय म्हणजे रॉकेलचे पोचेसुद्धा नक्की झालेले असणार. रॉकेल टाकून पुसली की लादी चकाकायची, डासही कमी येतात म्हणायचे. ते तेल लादीच्या अंगात मुरलेलं असतं. खोलीत पाच-सहा ठिकाणी चमचाभर पाणी टाका. पाणी पसरून हळूहळू आत शोषलं गेलं तर नशीब. अळवाच्या पानावर उभं राहतं तसं थेंबाथेंबाने उभं राहिलं तर त्या लादीला कुठलाही डिंक धरणार नाही, जमीन सपाट करायचा लेव्हलिंगचा मालही नाही. साबणाच्या पाण्याने हे जात नाही. पॉलिशवाल्याला बोलवा आणि जाड दगड, ६० नंबरचा, एकदा फिरवून घ्या. तो विचारेल, "ताई, चमक काढायला बोलावलंत?" हो म्हणून सांगा. मी पहिली चार वर्षं मोझॅइकला चमक आणायच्या कामांवरच देखरेख केली आणि आता तीच चमक खरवडायला लावते. माझी मलाच गंमत वाटते. घासताना निघालेली रबडी लगेच उपसून टाकायची, मोरीत ओतायची नाही, नाहीतर पुढच्या महिन्यात तुमचं पत्र तुंबलेल्या मोरीबद्दल येईल. मग पंखा लावून तीन-चार दिवस खोली वाळू द्या.

त्यानंतर प्रायमर आणि त्यावर सिमेंटचं सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड, म्हणजे ओतलं की आपोआप सपाट पसरणारा माल. हिशेब सोपा आहे. तुमची खोली ११ चौरस मीटर. सरासरी ३ मिलिमीटर थर धरा. चौरस मीटरमागे दर मिलिमीटरला दीड ते पावणेदोन किलो माल लागतो. म्हणजे ५० ते ५८ किलो, फार तर तीन पिशव्या. कोणी पंधरा पिशव्या सांगितल्या तर तो खोली भरत नाहीये, खिसा भरतोय. पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच घालायचं, अंदाजाने नाही. माल पातळ केला की पसरतो छान, पण वाळल्यावर वर भुसभुशीत साय धरतो आणि विनाइल त्या सायीसकट उचललं जातं. वाळायची वेळही पिशवीवर दिलेली असते. जाड थराला जास्त दिवस लागतात.

जुन्या लादीवर मालात नवीन लादी बसवण्याचा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईलच. दोन इंच माल आणि वर लादी धरली तर या एका खोलीत टनापेक्षा जास्त वजन चढतं. त्याच्यापुढे तुमच्या तीन पिशव्या किस झाड की पत्ती.

दाराचं आताच बघा. थर आणि विनाइल मिळून जमीन पाच-सहा मिलिमीटर वर येईल. विनाइलचा तुकडा आणि वर दोन नाणी दाराखाली ठेवून दार पूर्ण फिरवून पाहा. घासलं तर काम सुरू व्हायच्या आधीच दार उतरवून खालून रंधा मारून घ्या. विनाइल घातल्यावर दार घासतंय असं कळलं की लोक चिडून लाथेने दार उघडतात आणि पहिला ओरखडा तिथेच पडतो. उंबऱ्याशी उतरती अॅल्युमिनियमची पट्टी बसवायला सांगा. आई काठी घेऊन चालत असतील तर पाच मिलिमीटरची उभी कड त्यांना ठेच लावायला पुरेशी आहे.

विनाइलचे खोके दोन दिवस आधी त्याच खोलीत आडवे ठेवा, उभे टेकून नाही. दुकानाच्या गोदामातून आलेला माल तुमच्या खोलीच्या हवेला रुळायला हवा. आणि विनाइल चिकटवल्यावरही दोन-तीन रात्री आईंना हॉलमध्येच झोपवा, डिंकाचा वास त्यांना सोसणार नाही.

थंडीचं म्हणाल तर फरक नक्की पडेल. मोझॅइक पायाची ऊब पटकन ओढून घेतं, विनाइल तेवढी ओढत नाही. पण पलंगाशेजारी सतरंजीचा तुकडा असू द्याच.

सगळं मिळून आठ-दहा दिवस जातील. त्यात विनाइल घालायला अर्धा दिवस.

प्रश्न : गावचं घर चिपळूणजवळ, चिऱ्याचं जोतं, खाली जुना कोबा. गणपतीला सगळी मंडळी येतात, तेव्हा ओटीवर आणि माजघरात विनाइल घालून घ्यायचा विचार आहे. मे महिन्यात आम्ही प्लास्टिक चिकटवून ओल तपासली, थेंबही आला नाही. मग घालायला हरकत नाही ना? (एक वाचक, सध्या ठाणे)

उत्तर : हरकत आहे. माझ्या हातून हेच झालंय, म्हणून इतकं ठाम सांगते.

माझ्या आईचं घर तुमच्याच भागातलं. तेही चिऱ्याचं, तेही कोब्याचं. मीही मे महिन्यात तपासलं. कोबा खणखणीत कोरडा, पायाला चटके बसत होते. दुसऱ्यांच्या साइटवर मिजाशीने बोलणारी मी, आईच्या घरात मात्र चार दिवसांची सुट्टी काढून विनाइल घालून मोकळी झाले. आषाढ लागला आणि मधल्या खोलीत पोळीसारखे फुगे आले. आई त्यांच्यावर पाय द्यायची आणि ते दुसरीकडे सरकायचे. एक कडा उचलून पाहिली तर खाली डिंक राहिलाच नव्हता, खळीसारखं पांढरं, चिकट पाणी होतं आणि कुबट वास. आईने एवढंच विचारलं, "तुझ्या पुण्यातल्या लोकांकडेही असंच होतं का गं?"

चूक माझी, विनाइलची नाही. चिरा पाणी पितो. कोब्याखाली प्लास्टिकचा कागद वगैरे काही नसतं, आपल्या आज्यांच्या काळात कोणी घालत नव्हतं. पावसाळ्यात जमिनीतली ओल वर चढते, पण उघड्या कोब्यातून ती हवेत निघून जाते म्हणून आपल्याला दिसत नाही. वर विनाइल घातलं की घड्यावर झाकण ठेवल्यासारखं होतं. ओल वाट शोधते आणि डिंक सोडवते.

प्लास्टिकची चाचणी बरोबर आहे, महिना चुकला. ४५ सेंटिमीटर चौकोनी जाड पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने पक्कं बंद करायचं आणि निदान १६ तास ठेवायचं. मी दोन दिवस ठेवते. खाली थेंब जमले किंवा कोब्याचा रंग गडद झाला तर ओल आहे. ही चाचणी भाद्रपदात करा, आणि एका जागी नको, तीन जागी करा. त्यातली एक मागच्या भिंतीजवळ, जिथे पागोळ्या पडतात तिथे. भिंतीच्या तळाला लोणा लागलेला असेल, पांढरी पावडर बोटाला येत असेल, तर चाचणीचीही गरज नाही. उत्तर मिळालं.

उपाय काय? आधी बाहेर बघा. पागोळ्या जोत्याच्या पायथ्याशी पडतायत का? पन्हळ लावून ते पाणी लांब न्या. अंगणाची माती वर्षानुवर्षं भर घालून जोत्याला टेकलीय का? ती उतरवा. एवढ्याने बरीच ओल कमी होते, आणि हा खर्च विनाइलपेक्षा कमी आहे. मग दोन पावसाळे बघा. तरीही विनाइलच हवं असेल तर कोब्यावर इपॉक्सीचा ओलरोधक थर दोन हातांनी द्यावा लागतो, तोही कोबा पूर्ण घासून, कोरड्या दिवसांत. चिऱ्याच्या जोत्यावर मी त्याचीही हमी देत नाही, कारण अडवलेली ओल मग भिंतीत चढते.

माझ्या आईच्या घरात शेवटी आम्ही कोबा घासून घेतला आणि गणपतीला चटया अंथरल्या. तुम्हालाही तेच सांगेन. आणि काहीही ठरवलंत तरी श्रावणात काम काढू नका. 'गणपतीच्या आत' ही मुदत कोकणातल्या जमिनीला सर्वांत वाईट आहे.

प्रश्न : आम्ही राहतो त्या जुन्या कॉलनीतल्या घरात चौकोनी, कडक, प्लास्टिकसारख्या लाद्या आहेत, तपकिरी आणि पिवळट. वडील सांगतात, त्या १९७० च्या आसपास बसवल्या. काही कडा तुटल्यात. नवीन विनाइल घालायच्या आधी त्या खरवडून काढायला माणूस ठरवलाय. (एक वाचक, नाशिक रोड)

उत्तर : त्या माणसाला आजच फोन करून थांबवा.

त्या काळात आपल्याकडे पीव्हीसी आणि अॅस्बेस्टॉस मिसळलेल्या लाद्या वापरल्या जात. त्यांच्यासाठी वेगळं भारतीय मानकसुद्धा होतं, क्रमांक ३४६१. तुमच्या लाद्या त्यातल्याच आहेत असं मी पत्रावरून सांगू शकत नाही, आणि डोळ्यांनी बघून कोणीच सांगू शकत नाही. ते प्रयोगशाळेतच कळतं. तोवर त्या तशा आहेत असंच समजा. लादी शाबूत असेपर्यंत अॅस्बेस्टॉसचे बारीक तंतू आत बांधलेले असतात. खरवडलं, मशीनने घासलं, तोडलं की ते हवेत उडतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. त्रास वीस-तीस वर्षांनीही होतो.

म्हणून घासायचं नाही, खरवडायचं नाही, तुटलेल्या कडा कोरड्या झाडूने झाडायच्याही नाहीत. ओल्या फडक्याने हळूच टिपा. लाद्या बहुतेक घट्ट असतील तर त्यांना हात न लावता, योग्य प्रायमर घालून, वरून लेव्हलिंगचा पातळ थर देऊन झाकून टाकणं बरं. फार सुटल्या असतील तर तपासणी करून घ्या, आणि तोवर लहान मुलांना त्या खोलीत खेळू देऊ नका. एक आणखी. अशा लाद्यांखाली बरेचदा काळा डांबरी डिंक असतो. तो उघडा पडला तर त्यावर थेट नवीन विनाइल चिकटवायचं नाही, डांबर वर झिरपून पिवळे-तपकिरी डाग उठतात.

प्रश्न : वॉर्डरोब आधी बसवावा की फ्लोअरिंग? दोघे कारागीर एकमेकांकडे बोट दाखवतात. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : चिकटवायचं विनाइल असेल तर कोणीही आधी या. एकमेकांत अडकणाऱ्या पट्ट्यांचं, म्हणजे क्लिकचं असेल तर वॉर्डरोब आधी. ती पट्ट्यांची जमीन चिकटलेली नसते, उन्हाळ्यात ती फुगते आणि थंडीत आकसते. म्हणून तर भिंतीलगत आठ-दहा मिलिमीटर फट सोडून वर स्कर्टिंगने झाकतात. तिच्या उरावर भिंतीत ठोकलेला जड वॉर्डरोब बसवला की तिला सरकायला जागा राहत नाही आणि मग मधेच कुठेतरी ती डोंगरासारखी उचलते. पश्चिमेची मोठी खिडकी असेल तर हे एप्रिलमध्येच बघायला मिळेल. रंगकाम, वायरिंग, वाळवीची फवारणी, हे सगळं मात्र दोन्हींच्या आधी.

प्रश्न : नव्या विनाइलवर दाराशी पायपुसणं ठेवलं होतं. चार महिन्यांत त्याच्याखाली पिवळा चौकोन पडला. कशाने निघेल? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही निघणार. पायपुसण्याचा तळ रबराचा असणार. रबरातली रसायनं विनाइलमध्ये उतरतात, तो डाग वरचा नसतो, आतला असतो. फ्रिजच्या आणि वॉशिंग मशीनच्या पायांखालची रबरी बुटकुली आताच बघून घ्या. तिथे प्लास्टिकची चकती टाका. पायपुसणं सुती घ्या, आणि तूर्त ते त्या चौकोनावरच ठेवा.

प्रश्न : खोलीतच देवघर आहे. काम दोन दिवस चालणार म्हणतात. सासूबाईंना रोजचा दिवा चुकवायचा नाही. चालेल ना? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : कारागिराला आधी विचारा, डिंक पाण्याचा आहे की वासाचा. पाण्यावर चालणारा, अॅक्रिलिकचा, असेल तर फारशी काळजी नाही. पण आपल्याकडे अजून बरेच जण डब्यातला पिवळा रबराचा डिंक वापरतात. त्याची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते आणि ठिणगीने पेट घेते. नुसतं निरांजन नाही, उदबत्ती, शेजारच्या स्वयंपाकघरातला गॅस, गॅस गीझर, सगळं बंद हवं. विजेची बटणंसुद्धा वास जाईपर्यंत चालू-बंद करायची नाहीत. पंखा हवा असेल तर आधीच लावून ठेवा आणि खिडक्या सताड उघडा.

आमच्याकडे असंच काम निघालं तेव्हा माझ्या सासूबाईंनी देव एका पितळी डब्यात घालून समोरच्या दारात नेऊन दिले. समोरच्या काकूंनी दोन दिवस दोन्ही घरच्या देवांची एकत्र पूजा केली. देव परत आले तेव्हा बाळकृष्णाच्या अंगावर नवा निळा झबला होता.